कुंभार्ली घाट उतरून परत फिरले, त्याबद्दल

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल मी घाटाखाली पोफळीपर्यंत आले होते आणि चिपळूणला घरी न येता तिथूनच परत फिरले. पोफळीत कुणी ना कुणी ओळखीचं असतंच, त्यांच्याकडून कानावर यायच्या आत मीच सांगते. रागवा, पण आधी सगळं वाचा.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुळशीचं लग्न झालं की इथेच करायचं, एवढं आपलं ठरलंय. यायचं कसं, यावर मात्र तीनदा फोनवर वाद झाला. बाबा, तुम्हाला एसटी हवी, आणि मी घाटातून एकटीने गाडी आणू नये असं वाटतं. म्हणून काल भाड्याची गाडी घेऊन घाट उतरून-चढून बघितला. तीच गाडी आता बुक केली आहे, पैसेही भरलेत. तुम्हाला विचारलं नाही, हे चुकलंच. पण एसटीची पहिली पायरी आईला आता चढवत नाही, आणि मध्येच तिला पाय मोकळे करायचे झाले तर गाडी थांबवणार कोण? घरी का आले नाही म्हणाल, तर गाडी रात्री नऊला परत करायची होती आणि आईने जेवल्याशिवाय सोडलं नसतं. खरं कारण वेगळंच आहे. आई भिंत धरत दारापर्यंत आलेली बघितली असती तर माझा पाय निघाला नसता.

गाडी वॅगन आर आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की दचकू नका, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांना तशीच पाटी असते. ही मुद्दाम निवडली, कारण छत उंच आणि सीटही उंच. आई, त्यात खाली वाकून शिरावं लागत नाही आणि निघताना स्वतःला वर ओढावंही लागत नाही. मी दहा वेळा तरी बसून-उठून बघितलं, गुडघा आखडून धरून. आधी पाठमोरी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली की अंग सहज फिरतं, निघताना ती काढून टाकू. पुढची सीट पूर्ण मागे सरकवली की पाय बऱ्यापैकी लांब करता येतो. सीएनजीची घेतली नाही, कारण टाकीने डिकी अडते आणि आपल्याला वॉकर, तुझी उशी, बाबांची बॅग असं सगळं न्यायचंय.

बाबा, आता तुमच्यासाठी घाटाचं. कोयनानगर सोडलं तेव्हापासून तुमचंच वाक्य डोक्यात होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी ऑटोमॅटिक असली तरी आत क्लच आहेच, तो दाबायचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ सुटते आणि मान थोडी पुढे जाते. 'डी'वर ठेवली तर उतारावर वरचा गिअर घेऊन पळायला बघते. म्हणून 'एम'वर घेतली, म्हणजे गिअर आपल्या हातात राहतो, दुसरा गिअर धरला आणि पोफळीपर्यंत इंजिनावरच उतरले, पाय ब्रेकवर नुसता टेकलेला. परतताना एका वळणावर पुढे चिऱ्याचा ट्रक थांबला, चढ चांगलाच. ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी दोनेक सेकंद जागची हलली नाही, हिल होल्ड म्हणतात त्याला. तेवढ्यात ॲक्सिलरेटर दिला की झालं. पवन तलावाच्या मैदानावर तुम्ही हँडब्रेक धरून शिकवलं होतंत, ते आता गाडीच करते.

हायवेला ८० च्या पुढे मी नेणार नाही. गाडी उंच आणि हलकी, शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने हलते. मागच्या सीटला एसीची वेगळी झडप नाही, म्हणून आई पुढे आणि तुम्ही मागे. सकाळी चाकांची हवा बघूनच निघाले होते. डावीकडच्या मागच्या चाकात कमी होती, ती भरून घेतली. जाऊन-येऊन साधारण ४५० किलोमीटर झाले आणि २४ लिटर पेट्रोल लागलं.

पाटणजवळ पवनचक्क्या दिसल्या आणि घसा दाटून आला. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपलेली असायचे, आणि बाबा पुढून हाक मारायचे, "मनू, उठ, चक्क्या आल्या." पदराला आल्याच्या वड्यांचा वास. ती गाडी २२ जुलैच्या पुरात गेली, तेव्हापासून बाबा, तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यावर मी काही बोलत नाही. फक्त या वेळी मागे बसून नीट झोपा.

आता ऐका. आदल्या रात्री दहाला दिवे बंद. आईच्या सगळ्या गोळ्या आणि एक्स-रे एकाच पिशवीत, आणि ती पिशवी बाबांच्या हातात, डिकीत नाही. सकाळी पोहे थोडेच खायचे, घाटात त्रास होतो. उंब्रजपर्यंत दर तासाने थांबून दहा मिनिटं चालायचं, आईने "राहू दे गं, चाललंय" म्हटलं तरी. मांजराचं शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय. शेजारी किल्ली देताना गॅसची टाकी बंद केली का, ते बाबांनी दोनदा बघायचं.

मी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचते. या वेळी थेट घरी. आई, जेवायला काही वेगळं करत बसू नको, आमटी-भात पुरे. आणि दार उघडायला उठायचं नाही, माझ्याकडे किल्ली आहे.

तुमची,
मनू