संगे, एक गावरान कोंबडी पाठव

कराड, रविवार, रात्री साडेअकरा

संगे,

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं, तीनदा लिहून तीनदा डिलीट केलं. तू कोंबड्यांच्या शेडमध्ये असणार, घाईघाईत वाचणार आणि अंगठा पाठवून मोकळी होणार. गणपतीपासून आपण बोललो नाही, तुझे दोन मिस्ड कॉल होते, चूक माझीच. तब्येती बऱ्या. माझी बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा आहे तसाच. ते सोड.

मी परवा वर्गात ते वाक्य बोलले. तेच गं, टी.वाय.च्या व्हायवाला तू पक्षी-डायनासोरांचं सांगितलंस तेव्हाचं, बाहेरून आलेल्या परीक्षकाचं. "मग चिकन बिर्याणी म्हणजे डायनासोर बिर्याणी का?" अगदी तस्संच, भुवया वर करून.

झालं काय, दहावीची चाचणी होती, उत्क्रांतीच्या पुराव्यांवर प्रश्न. एका मुलानं लिहिलं, "पक्षी हे डायनासोरच आहेत." मी 'डायनासोरपासून उत्क्रांत झाले' असं लाल पेनानं वर लिहून अर्धा मार्क कापला. पेपर वाटल्यावर तो घेऊन आला, मॅडम हे चूक कसं? वडिलांचं चिकन सेंटर आहे त्याच्या, रविवारी हाच गल्ल्यावर असतो. म्हणाला, मी रोज पाय साफ करतो मॅडम, पुढं तीन बोटं, मागं एक, नखं, वर खवले, आणि पंख सोलला तर आत पण तीन बोटंच असतात, दोन चिकटलेली, मी व्हिडिओत सांगाडा बघितलाय, सेम. मागचे बाक चुळबुळ करत होते, तास संपायला पाच मिनिटं होती आणि माझ्या तोंडून ते निघालं. अख्खा वर्ग हसला. त्यात ज्याच्या बापाचं चिकनचं दुकान त्यालाच मी हे बोलावं! तो पण थोडासा हसला. तू पण हसली होतीस तेव्हा, आठवतंय? ओठ हसत होते आणि कान लाल झाले होते.

आता पोरं त्याला 'रेक्स' म्हणतात. चार दिवस झाले, हात वर करत नाही तो.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणे अर्ध्या मार्काचं काय घेऊन बसलीस. ह्यांना काय कळणार, हे कॉमर्सवाले.

मग दोन रात्री वाचत बसले. संगे, लाज वाटली गं. वीस वर्षं मी 'आर्किऑप्टेरिक्स, सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांना जोडणारा दुवा, जर्मनी, 1861, दात, नखं, लांब शेपूट' एवढं फळ्यावर लिहून खडू ठेवून देतेय. (त्यातला बर्लिनवाला नमुना म्हणे ज्या शेतकऱ्याला सापडला त्यानं गाय घ्यायला विकून टाकला, आणि पुढं तोच वीस हजार मार्कांना गेला. आपल्या दिल्याचा प्लॉटचा व्यवहार आठवला.) पण खरी मजा त्याच्या पुढं आहे. हक्सली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1860 च्या दशकातच सांगितलं होतं की पक्षी आणि लहान डायनासोर यांचे मागचे पाय शेजारी ठेवून बघा. मग डेन्मार्कचा एक चित्रकार, गेरहार्ड हाइलमान, त्यानं 1926 च्या पुस्तकात एकेक हाड घेऊन तुलना केली, सगळं जुळतंय असं स्वतःच लिहिलं आणि शेवटी म्हणाला की नाही, डायनासोरांना गळ्याची हाडं नाहीत, पक्ष्यांना आहेत, गेलेलं हाड परत येत नाही, म्हणून पूर्वज दुसरा कुणीतरी. लोकांनी चाळीसएक वर्षं ते मान्य केलं. आणि हाड होतं! मंगोलियातून 1923 साली काढलेल्या ओव्हिरॅप्टर नावाच्या डायनासोरमध्येच होतं, फक्त त्याला दुसरंच नाव देऊन ठेवलं होतं. कोंबडीच्या छातीवरचं ते व्हीसारखं हाड, आपण लहानपणी ओढून तोडायचो, तेच. टी-रेक्सला पण सापडलंय आता. माझा तो पोरगा ते हाड रोज सुरीनं बाजूला काढतो आणि मी त्याला बिर्याणी ऐकवली.

ओव्हिरॅप्टरचं तर तुला सांगायलाच पाहिजे, तुझ्या धंद्यातलं आहे. ओव्हिरॅप्टर म्हणजे अंडीचोर. अंड्यांजवळ सापडला म्हणून नाव चोर. सत्तर वर्षं चोर! मग 1993 मध्ये तसल्याच एका अंड्यात पिल्लू सापडलं आणि ते निघालं त्याच्याच कुळातलं. शिवाय त्याच कुळातला दुसरा एक सापडला, घरट्यावर बसलेला, पाय दुमडलेले, दोन्ही हात अंड्यांवर पसरलेले, तशाच अवस्थेत वाळूखाली गाडला गेलेला. खुडूक बसला होता गं तो! तुझ्या आईची ती तांबडी कोंबडी बसायची ना धान्याच्या कणगीमागं, हात घातला की चोच मारायची, डिट्टो.

अजून एक. लेयरला, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांना, तू शिंपल्याचा चुरा घालतेस ना? कोंबडी अंड्यावर आली की पोकळ हाडाच्या आत कॅल्शियमचा एक वेगळा थर धरते, कवचाला लागतो म्हणून. मेरी श्वाइट्झर म्हणून एक बाई आहेत, त्यांना 2005 साली टी-रेक्सच्या मांडीच्या हाडात तसलाच थर मिळाला. म्हणजे अंड्यावर आलेली टी-रेक्सीण. मी वाचलं आणि पहिल्यांदा तुझी आठवण आली, मग परीक्षकाची, मग माझी स्वतःची.

आणि ते चीनवालं. एफ.वाय.ला तू कात्रण आणलं होतंस ना, पिसांचा डायनासोर, 1996, ल्याओनिंग. सायनोसॉरोप्टेरिक्स. उडण्याचा संबंध नाही, पण अंगभर तंतूंसारखी पिसं. शेतकऱ्याला मिळालेला दगड दोन फाकांत फुटला होता, त्यानं एक फाक एका संस्थेला विकली, दुसरी दुसऱ्या. 2010 मध्ये तर पिसांतले रंगाचे कण बघून शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते इथपर्यंत काढलंय. तू व्हायवाला ह्याचंच नाव घेतलंस, 1999 मध्ये, आणि बरोबर घेतलंस. (कात्रण माझ्याकडून हरवलं असं तू म्हणतेस. तू मला दिलंच नव्हतंस. ह्यावर मी मरेपर्यंत ठाम आहे.)

आता 'पासून' आणि 'च' ह्याचंच भांडण आहे ना सगळं? मी पण अडून बसले होते पहिल्या रात्री, म्हटलं पूर्वज वेगळा, वंशज वेगळा, मार्क कापला ते बरोबर. मग वाटलं, वटवाघूळ उडतं म्हणून आपण 'सस्तन प्राण्यांपासून झालेलं' म्हणतो का? सस्तनच म्हणतो. माझं आडनाव बदलून बावीस वर्षं झाली, म्हणून आज्जीच्या नातवंडांतून मला कुणी काढलं का? पोरगा बरोबर होता. 'पासून' पण चूक नाही, पण त्याचं जास्त बरोबर होतं. मार्क वाढवता येईल, मुख्याध्यापकांना अर्ज दिला की होतं, शिपाई हसेल फार तर. तो हसण्याचा भाग कसा भरून द्यायचा ते कळत नाहीये. वर्गासमोर सॉरी म्हणू? पोरं त्याचीच चेष्टा अजून वाढवतील, मॅडमनी रेक्सची माफी मागितली म्हणून. बाजूला बोलावून म्हणू? हसले सगळ्यांसमोर आणि माफी कोपऱ्यात, हे पण बरं नाही. तू सांग. तुला काय हवं होतं तेव्हा?

कारण मी एक सांगितलेलं नाही तुला कधी. तुझं 'डायना' हे नाव आपल्या दिल्यानं नाही पाडलं. मी पाडलं. व्हायवाहून परत येताना बसमध्ये, तू पुढं बसली होतीस. कात्रण आपण दोघींनी मिळून वाचलेलं, मला माहीत होतं तू खरं बोलतेयस, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते, तर मग पुढं काहीतरी करायचं म्हणून केलं असेल. तू एम.एस्सी.ला गेली नाहीस ते मामांच्या आजारपणामुळं, हे तू शंभरदा सांगितलंयस. मी शंभरही वेळा मान हलवलीय. दिल्याला उगाच दहा वर्षं शिव्या घातल्यास, त्याला एक जेवण लागतं माझ्याकडून.

बरं, सोनूचं ॲडमिशन झालं का? वादळात शेडचे पत्रे उडाले असं ताईकडून कळलं, पक्षी किती गेले? फीडचा भाव अजून तोच? दिवाळीत येते, नक्की, ह्या वेळी खरंच.

आणि एक काम आहे. शुक्रवारी प्रॅक्टिकलचा डबल तास आहे. एक गावरान कोंबडी पाठव, वर्षाच्या पुढची, ब्रॉयलर नको, त्यांची हाडं शिजली की मऊ पडतात. विट्याहून सकाळच्या एसटीला कंडक्टरकडं दिलीस तरी चालेल. मी घरी उकडून नेणार, आणि टेबलावर हाडं मांडायचं काम त्या मुलाला देणार, गळ्याच्या हाडापासून. त्याला विचारलंय मी, येशील का मदतीला म्हणून. म्हणाला, मॅडम सुरी मी माझी आणतो.

तुझी,
वैशी