सूचना : 'सर्कस'च्या कॅसेट आणण्याआधी

दूरदर्शनवरच्या 'सर्कस' (१९८९) मालिकेचे घरी रेकॉर्ड केलेले भाग रविवारी सकाळी १० वाजता परभणीत संगणकावर उतरवून घ्यायचे आहेत. कॅसेट आणणाऱ्या सभासदांनी आधी एवढं करावं.

कॅसेटच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात फीत बघा. गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट प्लेअरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला (प्लेअरमधला फीत वाचणारा भाग) चिकटते आणि पुढच्या प्रत्येकाच्या फितीला लागते. वेगळ्या पिशवीत, वर 'बुरशी' लिहून आणा. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात.

लेबलाच्या कडेचं छोटं प्लास्टिकचं पान शाबूत असेल तर मोडून टाका. नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की कोवळा शाहरुख गेलाच समजा! हेड पुसायला कापसाची काडी वापरू नका, तंतू अडकतात.

ई-१८० (म्हणजे १८० मिनिटांची) कॅसेट उतरवायला पूर्ण तीन तास लागतात, घाई करता येत नाही. म्हणून माणशी एकच. येताना ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात फीत वाकडी होते.