३,४०० रुपयांच्या संशयापायी गोठवलेले खाते : गृहमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

काल दुपारी माझ्या मोबाइलवर एका ओळीचा संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ छापखान्याचे बँक खाते गोठवल्याबद्दलच्या या तक्रारीबाबत पंधरा दिवसांत लेखी कळवू, असे एका शासकीय कार्यालयाने मला सहीशिक्क्यानिशी सांगितले होते. त्याला काल सत्तेचाळीस दिवस झाले. या काळात मला कोणी भेटायला बोलावले नाही, फोन केला नाही, एक कागद मागितला नाही. आणि ज्या खात्याबद्दल तक्रार होती ते खाते आजही गोठलेले आहे. बंद दाराआड लिहिलेल्या अर्जांचे काय होते ते पाहिल्यावर हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे.

आमचा छापखाना शनिवार पेठेत आहे. सासऱ्यांनी तो ट्रेडल मशीनवर सुरू केला, अक्षरांचे खिळे जुळवून त्यांनी अर्ध्या पेठेच्या लग्नपत्रिका छापल्या, आणि गेली एकोणीस वर्षे तो मी चालवते. दोन कामगार, एक मशीनमन आणि एक कटिंग-बाइंडिंगचे काम करणारे काका, आमच्यावर अवलंबून आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा रोखीचा व्यवहार सोडा, सारे खात्यातून करा, असे सरकारने आम्हाला सांगितले. आम्ही ऐकले. काउंटरवर क्यूआर कोड लावला, कामगारांचा पगार खात्यातून देऊ लागलो, गल्ल्यात सुट्ट्या पैशांपुरतेच काय ते ठेवू लागलो. आज त्या आज्ञाधारकपणाचीच शिक्षा मी भोगते आहे.

सप्टेंबरअखेर एक जोडपे वास्तुशांतीच्या पत्रिका करायला आले. गृहस्थांनी कोड स्कॅन करून ३,४०० रुपये आगाऊ दिले, साउंडबॉक्सने रक्कम मोठ्याने सांगितली आणि मी ऑर्डरच्या वहीत ‘जमा’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी बाई प्रूफ पाहायला आल्या. ‘वास्तुशांती’तला शेवटचा ‘ती’ आमच्याकडून ऱ्हस्व पडला होता; तो त्यांनी लाल बॉलपेनने दीर्घ केला आणि समासात सही केली. ते प्रूफ, वहीतले पान, बिलाची प्रत आणि त्यांचा फोन क्रमांक माझ्याकडे आहे. हे पाच मिनिटांत पाहता येईल असे पुरावे आहेत, परंतु ते आजवर एकाही अधिकाऱ्याने पाहिलेले नाहीत.

दिवाळीच्या अकरा दिवस आधी, सकाळी कागदाचे पैसे पाठवायला गेले तर व्यवहार होईना. बँकेत गेल्यावर कळले की दुसऱ्या राज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून खाते गोठवले आहे. कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली, ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत गेली आणि तिच्यातले ३,४०० रुपये ‘लेअर ३’ मध्ये, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर, माझ्याकडे आले, असा संशय आहे. खात्यात त्या दिवशी ४,१८,००० रुपये होते. संशय शंभरातल्या एका रुपयावरही पुरता नव्हता, तरी अडवले सगळे. बँकेने मला एक ई-मेल पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिली, ‘तिकडून ना हरकत पत्र आणा’ असे सांगितले आणि विषय संपवला.

त्या पत्त्यावर मी सहा वेळा लिहिले. फोन एकदा लागला. पलीकडच्या गृहस्थांनी कागदपत्रे घेऊन प्रत्यक्ष या असे सांगितले. ते ठिकाण पुण्यापासून हजार किलोमीटरहून दूर आहे. लेखी नोटीस द्याल का, असे विचारल्यावर फोन ठेवला गेला. आपल्या शहरातल्या पोलिसांकडे गेले तर ‘फिर्याद आमच्याकडची नाही’ असे उत्तर मिळाले. महोदय, आपण गृहखाते सांभाळता, म्हणून कायदा मी आपल्याला सांगणे शोभत नाही, पण सांगावाच लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार पोलीस अधिकाऱ्याला साक्षीसाठी बोलवायचे तर लेखी आदेशाने, आणि तेही स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला; शिवाय स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कलम १०६ खाली मालमत्ता ताब्यात घेतली, तर ते दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे लागते. माझ्या बाबतीत ते कळवले का, कोणत्या न्यायालयाला कळवले, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. बँक खाते ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आपल्याच राज्याच्या एका खटल्यात ठरवले, आणि त्या निर्णयाच्या आधारे पंचवीस वर्षे खाती अडवली जात आहेत. अधिकार पोलिसांच्या लक्षात राहिला, त्याच कलमातली जबाबदारी तेवढी राहिली नाही.

या काळात घरात आणि छापखान्यात काय झाले ते थोडक्यात लिहायचे ठरवले होते, पण ते थोडक्यात लिहिता येत नाही. दिवाळीचा बोनस मी दोन बांगड्या गहाण ठेवून दिला. कटिंगच्या काकांनी तो घेताना माझ्याकडे पाहिले नाही, कारण शेजारच्या दुकानात ‘हिच्या खात्यात चोरीचे पैसे सापडले’ असे बोलले जात होते आणि ते त्यांच्या कानावर गेले होते. वीस तारखेला जीएसटीचा भरणा झाला नाही; त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते, आणि ते त्याच सरकारच्या तिजोरीत जाणार ज्याच्या यंत्रणेने माझे पैसे अडवले आहेत. तुळशीचे लग्न लागले की आमचा हंगाम सुरू होतो. या वर्षी कागद उधार मिळाला नाही म्हणून मी पंचवीस लग्नांची कामे परत पाठवली. आणि सर्वांत जिव्हारी लागले ते असे, की ज्या कागदवाल्यांकडून आम्ही दोन पिढ्या माल घेतो, त्यांना दिलेला धनादेश ‘खाते गोठवलेले’ असा शेरा घेऊन परत गेला. गेल्या आठवड्यात त्यांच्या वकिलांची, न वटलेल्या धनादेशाबद्दलची, कलम १३८ ची नोटीस आली. त्यांचे काही चुकले नाही. त्यांनाही पुढे पैसे द्यायचे आहेत.

खाती गोठवूच नयेत असे माझे म्हणणे नाही, हे स्पष्ट लिहिते. पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको : ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, ११ आणि १३ तारखेच्या व्यवहारांत ९४ कोटी रुपये गेले आणि त्यातली बरीच रक्कम परदेशांतल्या एटीएममधून निघाली. पैसा मिनिटांत पळतो तेव्हा तो मिनिटांत अडवलाच पाहिजे. १९३० ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे, आणि कुणा म्हाताऱ्या माणसाची आयुष्याची पुंजी तिच्यामुळे वाचली तर मला आनंदच आहे. पण अडवायला मिनिटे आणि सोडवायला महिने, हे न्यायाचे प्रमाण नव्हे. वादातली रक्कम तेवढीच अडवा, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितले. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचे संपूर्ण खाते १०५ रुपयांच्या जमेमुळे गोठले होते. ते मोकळे करून घ्यायला त्याला उच्च न्यायालयात जावे लागले. मला माझे वकील तेच सुचवतात : एक तर त्या राज्यातल्या दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा, नाहीतर मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका करा. ३,४०० रुपयांच्या संशयातून सुटण्यासाठी त्याच्या कितीतरी पट खर्च, आणि तोही गोठलेल्या खात्यातून करायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी असते का?

केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. एका वर्षात तिप्पट. म्हणजे खरे चोर मोकळेच आहेत. पत्ता, पाटी आणि दुकान असलेली माणसे तेवढी हाताला लागतात, कारण ती पळून जात नाहीत. या फसवणुकीच्या मुळाशी आपली फुटलेली माहिती आहे, आणि तिथेही नागरिकाच्या तोंडाला पानेच पुसली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात माहिती न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या संचित निधीत जमा व्हायचा. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता येईल असे जे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात होते, ते ४३ अ, याच कायद्याने वगळण्याचे ठरवले आहे. दंड सरकारचा, व्याज सरकारचे, आणि हेलपाटे आमचे. डिजिटल व्यवहाराचे श्रेय घ्यायला सगळे पुढे येतात. त्या व्यवहारात निरपराध माणूस अडकला की ते कुणाच्याच अखत्यारीत नसते.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. महाराष्ट्राचे पोलीस इतर राज्यांतल्या खात्यांबाबत सूचना पाठवतात तेव्हा त्यांनी वादातल्या रकमेपुरतीच ती पाठवावी आणि खातेदाराला कारण, अधिकाऱ्याचे नाव व दंडाधिकाऱ्यांना दिलेल्या अहवालाची प्रत द्यावी, असा आदेश आपण आजच काढू शकता; तो काढल्यावर इतर राज्यांकडे तेच मागण्याचा आपल्याला अधिकार येईल. आणि पुण्यात एक असा अधिकारी नेमा, जो माझ्यासारख्यांची कागदपत्रे पाहून, जबाब इथेच नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवील. नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कामकाज करण्याची मुभा दिलेली आहे. ती खाते अडवतानाच का वापरायची, सोडवताना का नाही?

वहीचे पान, लाल दुरुस्तीचे प्रूफ, बिल, बँकेची चिठ्ठी आणि सहा ई-मेलच्या प्रती मी आपल्या कार्यालयाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवत आहे. कागदवाल्यांच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत येत्या शुक्रवारी संपते. त्यांच्या वकिलांना उत्तर देण्यासाठी मला त्याआधी दोन गोष्टी हव्या आहेत : माझे खाते अडवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, आणि ते कोणत्या न्यायालयाला कळवले त्याची तारीख.

आपली,
शनिवार पेठेतील एक मुद्रक,
पुणे