पिट्युटरीच्या गाठीचा अहवाल अर्धवट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकावाटे दुर्बिणीने काढल्यानंतर हाती पडणाऱ्या बायोप्सी अहवालात काही वेळा 'पिट्युटरी अ‍ॅडेनोमा' (या ग्रंथीची सहसा कर्करोग नसलेली गाठ) एवढेच निदान असते. माझ्या भावाच्या अहवालातही याहून अधिक काही नव्हते, आणि पुढची तपासणी केव्हा करायची हे त्यावरून ठरवता येईना.

या ग्रंथीत निरनिराळी संप्रेरके तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यापासून झालेल्या गाठी नेहमीच्या रंगद्रव्याने रंगवलेल्या काचपट्टीवर बऱ्याचदा सारख्याच दिसतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणाने संप्रेरकांबरोबर पिट-१, टी-पिट आणि एसएफ-१ ही पेशींचा वंश सांगणारी प्रथिनेही ऊतीत शोधण्यावर भर दिला. २०२२ च्या वर्गीकरणातही तोच पाया कायम आहे.

याचे महत्त्व 'मूक' गाठींत विशेष कळते. काही गाठी एसीटीएच (शरीराला कॉर्टिसॉल बनवायला लावणारे संप्रेरक) बनवणाऱ्या पेशींच्या वंशातल्या असूनही रुग्णात कुशिंग विकाराची, म्हणजे कॉर्टिसॉल वाढल्याची, लक्षणे दिसत नाहीत, रक्तातील पातळीही वाढलेली नसते, आणि ऊतीतले एसीटीएच दाखवणारा मार्करसुद्धा (ठरावीक प्रथिन शोधणारी रंगचाचणी) कधी क्षीण येतो, तर कधी येतच नाही. या वंशाची खूण असलेले टी-पिट तपासले नाही तर अशी गाठ निरुपद्रवी समजली जाते. प्रत्यक्षात ती पुन्हा वाढण्याचा धोका अधिक असतो. भावाची गाठ याच प्रकारची निघाली, पण ते कळले ऊतीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवल्यावर, आणि मगच डॉक्टरांनी एमआरआयमधले अंतर कमी केले. वाढीच्या संप्रेरकाच्या गाठींतही केराटिनच्या मार्करवरून विरळ कणांचा (पेशींत संप्रेरकाचे कण कमी असलेला) उपप्रकार ओळखता येतो. त्यावर ऑक्ट्रिओटाइड या वाढीचे संप्रेरक रोखणाऱ्या औषधाचा परिणाम तुलनेने कमी होतो, हे आधी कळलेले बरे. पेशी किती वेगाने वाढतात हे सुचवणारा केआय-६७ चा आकडा मात्र एकटा पाहून घाबरू नये.

प्रत्येक रुग्णालयात हे सगळे मार्कर असावेत, असा माझा आग्रह नाही. परंतु सोय नसेल तिथे ब्लॉक मोठ्या केंद्राकडे पाठवण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी, आणि शासकीय योजनांनी शस्त्रक्रियेच्या खर्चातच या तपासण्या धराव्यात. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांनी रुग्णालयाने आपला ब्लॉक जपून ठेवला आहे का, याची चौकशी जरूर करावी; जुन्या ब्लॉकवरही हे मार्कर बहुतेक वेळा करता येतात.

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली