सुऱ्यास, सात नंबरबद्दल

परभणी, 12 जून

लका सुऱ्या,

चार महिने उत्तर दिलं नाही. शिव्या दे, पण आधी हे वाच. तब्येत बरी, आईचे गुडघे तसेच.

गुळवेलीच्या खोडात राहणारे जिवाणू शोधायलोय ना, त्यातला सात नंबर, एक बॅसिलस. स्टॅफिलोकोकस जंतूच्या प्लेटवर, त्याचा ब्रॉथ (ज्यात तो वाढवला ते पाणी) घातलेल्या 6 मिलिमीटरच्या भोकाभोवती 19 मिलिमीटरचा स्वच्छ झोन, तेवढ्यात जंतू वाढलाच नाही! आणि दुसऱ्या दिवशी खोड धुतलेल्या शेवटच्या पाण्याची प्लेट उघडली, तर तिच्यावर त्याच कोरड्या, सुरकुतलेल्या अकरा कॉलनी. आता हा खोडातला की सालीवरचा? 'शेवटचं पाणी प्लेटवर टाकत जा' यावरून तू किती भांडलास. घे, जिंकलास.

खोड वरून निर्जंतुक करायला 70 टक्के अल्कोहोल एक मिनिट, हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) चार मिनिटं, पुन्हा अल्कोहोल, मग पाच वेळा निर्जंतुक पाणी, सगळं झालं होतं. पण बॅसिलसच्या बीजाणूंना अल्कोहोल म्हणजे पाहुणचार. त्यांना क्लोरीनच मारतं, अन् आमची बाटली मार्चात फोडलेली. परभणीच्या मे महिन्यात त्यात क्लोरीन उरतंय होय? वर गुळवेलीची ती कागदासारखी पातळ साल तशीच ठेवलेली. नखानं उचलली की खाली बारीक धूळ दिसते, ओलावा तिथवर पोचतच नाही. आता आधी साल सोलायची, ताज्या हायपोक्लोराइटमध्ये ट्वीनचा, म्हणजे साबणासारख्या द्रवाचा, एक थेंब टाकायचा. धुऊन झालं की दोन्ही टोकं सेंटिमीटरभर छाटायची. कापल्या तोंडातून क्लोरीन आत शिरतं अन् जे शोधायलोय तेच मरतं.

झोन मात्र खोटा नाही. ब्रॉथमध्ये ग्लुकोज होतं, पीएच 4.8 वर उतरला होता, म्हणून मलाही नुसत्या आम्लाचाच संशय. पीएच 7 वर आणला, 0.22 मायक्रॉनमधून गाळलं, पुन्हा लावलं: झोन 15 मिलिमीटर. ई. कोलायवर शून्य, तिचं बाहेरचं आवरण आडवं येतं. तू म्हणशील प्रोटिनेज के, ते प्रथिनं तोडणारं एन्झाइम, लाव. लावतो, पण झोन गेला तर जंतू रोखणारं ते पेप्टाइड, छोटं प्रथिन, हे सोपं; टिकला तर? सर्फॅक्टिनसारखी वर्तुळाकार लिपोपेप्टाइडं (चरबीची शेपूट असलेली पेप्टाइडं) त्या एन्झाइमला भीक घालत नाहीत. म्हणजे टिकला तरी 'पेप्टाइड नाही' असं लिहून मोकळा होऊ नकोस, मागच्यासारखा.

सात नंबरच्या 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये आठ नळ्या गोठवल्यात. सारखा प्लेटवरून प्लेटवर नेला की जोर जातो, तीन नंबरचं झालं तसं.

नवं घर लागलं का? वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

अन् प्रोटिनेज के थोडं पाठव. बर्फात. पेढ्याच्या डब्यात नको.

तुझा,
बाळ्या