नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सादर नमस्कार.

मी डिचोलीची. २२ वर्षे मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना ड्युटीवर सोबत घेते. त्यांच्यासाठीच हे पत्र.

एका मे महिन्यात सत्तरी ओलांडलेली एक बाई उलट्या-जुलाबांनी दाखल झाली. चहाचा कप दिला तर तो बशीवर खडखड वाजू लागला. "सिस्टर, कोप धरूंक जायना," म्हणाली. केसपेपरवर 'मानसिक रुग्ण, अस्वस्थ' एवढेच. आमची एक विद्यार्थिनी तिच्याजवळ बसली, तिला विचारून पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या आणि धावत माझ्याकडे आली. लिथियम! मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर देतात ते औषध. शिवाय गुडघेदुखीसाठी फार्मसीतून आणलेले आयब्युप्रोफेन. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. जुलाबांत अंगातले पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंड ते धरून ठेवते, आणि अशी वेदनाशामके त्यात भरच घालतात. रक्तात लिथियमचे प्रमाण साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावे, १.५ च्या वर विषबाधेची भीती; हात थरथरणे हे तिचेच लक्षण. डॉक्टरांनी गोळी थांबवली, सलाइन लावले, रक्त तपासायला पाठवले. बाई बरी होऊन घरी गेली.

ही मुलगी नुकतीच मानसोपचाराची पोस्टिंग संपवून आली होती, म्हणून तिच्या लक्षात आले. माझ्या आले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंत्रिमहोदय, आपण मुलांना मेडिसिन एकीकडे, मानसोपचार दुसरीकडे आणि संगणक तिसरीकडे शिकवतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्र दुसऱ्या सत्रातच आले, हे फार चांगले झाले. पण वॉर्डात त्यांना स्वतःचे लॉगिन नाही, मग सिस्टरच्या पासवर्डवर नोंदी होतात. मी न मोजलेली नाडी माझ्या नावावर चढते. श्वसनाचे तर विचारूच नका. ओळीने सगळ्यांचे मिनिटाला १८! रुग्ण खालावायला लागला की बहुतेक वेळा श्वास आधी बदलतो. तो पूर्ण मिनिटभर, छातीकडे बघून मोजायचा असतो. अंदाजाने लिहिलेला आकडा संगणकात गेला की पुढच्या पाळीला तो खरा वाटतो, हे मुलांना खाटेपाशीच समजावावे लागते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हाही असाच पाठ होतो आणि पेपर झाला की विसरला जातो. तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच रुग्णाला बांधता येते, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने. रात्री अडीचला बरळणारा रुग्ण सुई उपसू लागतो तेव्हा शेजारी बसून, त्याच्या भाषेत बोलून त्याला शांत कसे करायचे, हे कोण दाखवणार?

बांबोळीत गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि आयपीएचबी हे मानसोपचार रुग्णालय जवळजवळ आहेत. मानसोपचाराच्या पोस्टिंगनंतर प्रत्येक विद्यार्थ्याला दोन आठवडे मेडिसिन वॉर्डात, मानसिक आजाराची औषधे चालू असलेला रुग्ण सांभाळायला द्या. विद्यार्थ्यांचे वेगळे लॉगिन करा, नोंद त्यांची आणि तपासणी सिस्टरची. आणि ज्या पाळीत सिस्टर शिकवते, त्या पाळीत तिच्या वाट्याचे रुग्ण कमी करा. पहिल्या दोन गोष्टी या तिसरीवर अडल्या आहेत. तिचा आदेश आधी काढा.

आपली नम्र,
एक परिचारिका, डिचोली