दीडशे तास आणि एक शिक्का

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला फार्माकॉलॉजीच्या 'सुवर्णसंधीं'वरचा लेख चहा पिता पिता वाचला. चहा तसाच राहिला. लेखकमहाशय बुटीबोरीच्या औषध कारखान्यांत कधी गेलेत की नाही, देव जाणे. माझी मुलगी मागच्या मे महिन्यात जाऊन आली.

बी. फार्म.ला चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजी. औषध पोटात गेल्यावर करतं काय, ते तीनदा शिकायचं. मग सातव्याच्या आधी चार आठवड्यांत दीडशे तास ट्रेनिंग. चार लोकांना फोन करून एका कारखान्यात तिची सोय लावली. पहिले दोन दिवस काचेबाहेरून मशीन दाखवलं. तिसऱ्या दिवशी पॅकिंगला बसवली ती बसवलीच. छपाई चुकलेल्या स्ट्रिपांमधून एकेक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढायची. डिब्लिस्टरिंग म्हणतात त्याला. आठवडाभरात दोन्ही अंगठे असे सुजले की पोरीला पोळी मोडता येईना; तिची आई कोमट मिठाच्या पाण्यात तिचे अंगठे शेकत बसायची. सर्टिफिकेट मात्र फर्स्ट क्लास : प्रॉडक्शन, क्यूसी, क्यूए (म्हणजे दर्जा तपासणारे आणि राखणारे विभाग), सगळीकडे 'समाधानकारक'.

कारखान्याला तरी काय बोलणार? गोळ्या जिथे बनतात तिथे फार्माकॉलॉजीचं काम नसतंच. ते प्राण्यांवरच्या चाचण्यांत, माणसांवरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्यात. त्यासाठी पोरं पुणे, मुंबई, हैदराबादची गाडी पकडतात. लेखात हे एका ओळीत उरकलंय. अहो, दुष्परिणामांची नोंद ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. ट्रेनिंगच्या नियमात हॉस्पिटलही चालतं. आपल्या नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, दोन्ही मोठी सरकारी हॉस्पिटलं. बसवा ना पोरांना महिनाभर वॉर्डात, कुणाला कशानं पुरळ उठलं ते लिहायला!

नियमात औषधाचं दुकानही बसतं, म्हणून दर उन्हाळ्यात माझ्या दुकानातही रांग. "काका, फक्त शिक्का पाहिजे." एकाला म्हटलं, बस, आधी एच-१ चं, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांचं, रजिस्टर लिही, कोणत्या डॉक्टरनं कुणाला काय दिलं, किती दिलं. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी कळलं, चार दुकानं सोडून त्याचे दीडशे तास पूर्ण झाले.

आता तुमच्याबद्दल. लेख फार्माकॉलॉजीचा आणि फोटो गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या मुलीचा? खाली अर्धं पान क्लासची जाहिरात, ती मात्र बिनचूक. माझं मागचं पत्रही तुम्ही निम्मं कापलं होतं. यंदा कापायचंच असेल तर रजिस्टरवालं कापा, पण पोरीचे अंगठे तेवढे राहू द्या.

आपला,
एक औषधविक्रेता, सक्करदरा, नागपूर